ऊझो, राकी, अरक, पास्तीस, अ‍ॅबसिंथ: कुठली जास्त स्ट्राँग हे नीट कसं ठरवायचं

अ‍ॅनिसच्या, म्हणजे बडीशेपेसारख्या वासाच्या दारू (ग्रीसची ऊझो, तुर्कस्तानची राकी, लेबनॉनकडची अरक, फ्रान्सची पास्तीस, शिवाय अ‍ॅबसिंथ) शेजारी शेजारी ठेवल्या की पहिला प्रश्न हाच येतो की यातली सगळ्यात कडक कुठली, आणि बहुतेक लोक उत्तर चुकीच्या जागी शोधतात. कोणी म्हणतं पाणी घातल्यावर जास्त पांढरी झाली ती कडक, कोणी म्हणतं घशाला जास्त लागली ती, कोणी बाटलीवरचा सगळ्यात मोठा आकडा बघून मोकळं होतं. तिन्ही पद्धती फसवतात.

खरं तर "स्ट्राँग" या एका शब्दात तीन वेगळे प्रश्न लपलेत. बाटलीत किती टक्के अल्कोहोल आहे, तुमच्या ग्लासात पाणी-बर्फ पडल्यावर किती टक्के उरलंय, आणि तो ग्लास संपवल्यावर पोटात एकूण किती ग्रॅम अल्कोहोल गेलं. या तीन प्रश्नांत दारूंचा क्रम प्रत्येक वेळी बदलतो, आणि थोडाफार नाही तर चांगला उलटापालटा होतो. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा, मधली गाळू नका, आणि चव घेणं सगळ्यात शेवटी.

## आधी तयारी

लागतं फार थोडं. मिलीच्या खुणा असलेला मेजरिंग सिलिंडर किंवा औषधाचं मापाचं झाकण, एकाच आकाराचे ग्लास, साध्या तापमानाचं पाणी, कागद-पेन आणि कॅल्क्युलेटर. घरातला पेग मेजर वापरणार असाल तर आधी तो पाण्याने भरून सिलिंडरमध्ये ओतून बघा, बऱ्याच पेग मेजरवर लिहिलेलं माप आणि त्यात मावणारं माप एक नसतं.

किचनचा वजनकाटा या कामाला वापरू नका. पाण्याचे ३० ग्रॅम म्हणजे ३० मिली, पण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं आणि साखरेचं पाणी जड, त्यामुळे ६८ टक्क्यांची अ‍ॅबसिंथ ३० ग्रॅम मोजली तर ती साधारण ३४ मिली भरते आणि इटलीची घट्ट गोड सांबुका ३० ग्रॅम मोजली तर ३० मिलीपेक्षा कमी. म्हणजे तुलना सुरू व्हायच्या आधीच कडक दारू जास्त पडली.

बाटल्या फ्रीजमधून आदल्या दिवशीच बाहेर काढून ठेवा. यात वास-चव देणारं मुख्य द्रव्य म्हणजे अ‍ॅनेथॉल, ते शुद्ध स्वरूपात साधारण २१ अंशांच्या खाली गोठतं, म्हणून गार बाटलीत कधी कधी चकचकीत कण दिसतात किंवा दारू धूसर होते. बाटली खराब झालेली नसते, खोलीच्या तापमानाला आणून हलक्या हाताने हलवली की कण परत विरघळतात. पण कण तळाला असताना वरचा भाग ओतलात तर चवीची तुलना बिघडली.

## १. बाटलीत अ‍ॅनिसच आहे ना ते बघा

ही पायरी वेडेपणाची वाटेल पण नावांचा घोळ खूप आहे. लेबनॉन, सीरिया, जॉर्डनकडची अरक अ‍ॅनिसची असते, पण श्रीलंकेची अर्रॅक नारळाच्या ताडीपासून करतात आणि इंडोनेशियातली बटाव्हिया अर्रॅक उसाच्या मळीपासून, या दोन्हींत अ‍ॅनिसचा काही संबंध नाही. तुर्कस्तानची राकी अ‍ॅनिसची. क्रीट बेटावर जिला राकी म्हणतात ती द्राक्षाच्या चोथ्याची, सहसा बिनअ‍ॅनिसची. बाल्कन देशांतली राकिया म्हणजे फळांची दारू. ग्रीसची त्सिपुरो दोन्ही प्रकारांत मिळते, अ‍ॅनिस घातलेली आणि न घातलेली.

मग बाटली कोरडी, म्हणजे बिनसाखरेची, आहे का गोड ते लिहून ठेवा. हे पुढे दोनदा कामाला येणार आहे. युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे सांबुकात लिटरमागे किमान ३५० ग्रॅम साखर लागते, पास्तीसमध्ये १०० ग्रॅमपेक्षा कमी, ऊझोमध्ये जास्तीत जास्त ५० ग्रॅम. राकी, अरक आणि बहुतेक अ‍ॅबसिंथ कोरड्या किंवा जवळपास कोरड्या.

## २. लेबलवरचा बरोबर आकडा शोधा

तुम्हाला हवाय तो आकडा टक्क्यांत असतो, "व्हॉल्यूम" किंवा "एबीव्ही" असं शेजारी लिहिलेलं असतं. बाकीचे आकडे सोडून द्या. सगळ्यात जास्त लोक अडकतात ते पास्तीस ५१ वर, ५१ टक्के समजून. ते ५१ म्हणजे १९५१ साल, दारू ४५ टक्क्यांची आहे. ऊझो १२ मधला १२ हासुद्धा टक्का नाही, ती नेहमीच्या ऊझोइतकीच, चाळीसच्या आसपासची.

प्रूफ (कडकपणा सांगायचं दुसरं माप) लिहिलेलं असेल तर थांबा आणि बाटली कुठल्या देशासाठी भरलीय ते बघा. अमेरिकन प्रूफ टक्क्यांच्या बरोबर दुप्पट, म्हणजे ९० प्रूफ म्हणजे ४५ टक्के. जुनं ब्रिटिश प्रूफ वेगळं, त्यात १०० म्हणजे ५७.१५ टक्के, म्हणून ब्रिटिश आकड्याला १.७५ ने भागायचं. जुन्या ब्रिटिश बाटलीवर ७० प्रूफ दिसलं तर ती ४० टक्क्यांची, कोणी घाईत अमेरिकन हिशोबाने निम्मं करून ३५ लिहितं आणि मग पुढचं सगळं गणित चुकतं. जुन्या फ्रेंच बाटल्यांवरची "डिग्री" मात्र सरळ टक्केच असतात.

अजून एक, एकाच ब्रँडची एकाच नावाची दारू वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या टक्क्यांनी विकतात, त्यामुळे नेटवर सापडलेला आकडा घेऊ नका, हातातल्या बाटलीवरचा घ्या. आणि अर्ध्या टक्क्याच्या फरकावरून वाद घालू नका, युरोपात स्पिरिटच्या लेबलला साधारण ०.३ टक्के इकडेतिकडे चालतं.

तपासा: तुमचा आकडा खालच्या पट्ट्यात बसतोय का?

- ऊझो: किमान ३७.५, बहुतेक ३८ ते ४२
- सांबुका: किमान ३८, बऱ्याचदा ३८ ते ४२
- पास्तीस: किमान ४०, मार्सेलचं पास्तीस ४५
- तुर्की राकी: बहुतेक ४५
- अरक: साधारण ५० ते ५३, कमी-जास्तही मिळते
- अ‍ॅबसिंथ: ४५ पासून ७०-७२ पर्यंत
- स्पेनची चिंचोन: गोड ३५ च्या पुढे, "सेको एस्पेशाल" ७० च्या वर
- कोलंबियाची अग्वार्दिएंते: २९, आणि एक हलका प्रकार २४
- गोड अ‍ॅनिसेत लिकर: २५ च्या आसपासही असते

पट्ट्याच्या फार बाहेर असेल तर बहुधा तुम्ही प्रूफ वाचलंय किंवा नावातला आकडा घेतलाय, परत बघा. अग्वार्दिएंतेच्या बाबतीत "बिनसाखरेची म्हणून जास्त कडक" असं खूप ऐकू येतं, ते बरोबर नाही, साखर असलेली आणि नसलेली दोन्ही २९ च्या असू शकतात.

## ३. ग्लासातला टक्का काढा

इथे खरी गंमत आहे आणि इथेच बहुतेक तुलना पडतात, कारण यातल्या बऱ्याच दारू तशाच बिनपाण्याच्या प्यायच्याच नसतात, पाणी घालूनच प्यायच्या असतात आणि प्रत्येकीचं पाण्याचं प्रमाण वेगळं. सूत्र सोपं:

दारूचे मिली × बाटलीवरचा टक्का ÷ ग्लासातला एकूण द्रव

नेहमीच्या पद्धतीने भरलेले सहा ग्लास घेऊ, बर्फ अजून नाही.

सांबुका, २५ मिली, बिनपाण्याची: ३८ टक्के.
राकी, ५० मिली ४५ टक्क्यांची, तेवढंच पाणी: २२.५.
ऊझो, ५० मिली ४० ची, तेवढंच पाणी: २०.
अरक, ५० मिली ५३ ची, दुप्पट पाणी: साधारण १७.७.
अ‍ॅबसिंथ, ३० मिली ६८ ची, चौपट पाणी: १३.६.
पास्तीस, २० मिली ४५ ची, पाचपट पाणी: ७.५.

बघा, जिच्या नावाने लोक घाबरतात ती अ‍ॅबसिंथ पाचव्या नंबरवर गेली आणि बाटलीत सगळ्यात हलकी असलेली सांबुका पहिली आली. राकी आणि पास्तीस बाटलीत दोघी ४५ च्या, ग्लासात तिप्पट फरक. म्हणून "राकी आणि पास्तीस सारख्याच" हे वाक्य बाटलीपुरतं खरं आणि टेबलावर चुकीचं.

आता बर्फ. २५ ग्रॅमचा खडा पूर्ण वितळला की २५ मिली पाणी, हे एकूणात धरा. वरच्या ऊझोत असे दोन खडे वितळले तर २० चे १३.३ होतात. म्हणजे हळू पिणाऱ्याच्या ग्लासाचा शेवटचा घोट पहिल्यापेक्षा बराच हलका, त्यामुळे तुलना करताना एकतर सगळ्यात बर्फ किंवा कशातच नाही, आणि माझं मत विचाराल तर कशातच नको.

बर्फ घालायचाच असेल तर क्रम पाळा: आधी दारू, मग पाणी, शेवटी बर्फ. उलटं केलं, म्हणजे न पातळ केलेल्या दारूवर थेट बर्फ टाकला, तर अ‍ॅनेथॉल गारठून वर तवंग किंवा कण होतात आणि मग प्रत्येक घोटाची चव वेगळी लागते. अरकच्या बाबतीत तर पुढच्या वेळी नवा ग्लास घ्यायची पद्धत आहे, आधीच्या ग्लासाच्या कडेला तो थर चिकटलेला असतो.

इशारा: "एकास दोन" म्हणजे दारूच्या दुप्पट पाणी, एकूण तीन भाग. बरेच जण दोनाने भागतात. भागायचं तिनाने.

## ४. पोटात किती ग्रॅम गेलं ते काढा

चढते ती टक्क्याने नाही, एकूण अल्कोहोलने, आणि किती वेळात घेतलं त्याने. सूत्र:

दारूचे मिली × टक्का ÷ १०० × ०.७८९ = ग्रॅम

पाणी यात येतच नाही, ते कितीही घाला. वरचेच सहा ग्लास आता असे लागतात: अरक २०.९ ग्रॅम, राकी १७.८, अ‍ॅबसिंथ १६.१, ऊझो १५.८, सांबुका ७.५, पास्तीस ७.१.

परत सगळा क्रम फिरला. ग्लासात सगळ्यात कडक असलेली सांबुका पोटात जवळजवळ शेवटची, कारण माप छोटं. आणि अ‍ॅबसिंथ नि ऊझोमध्ये काही फरकच राहिला नाही. ज्यांना आपण किती घेतोय याचा हिशोब ठेवायचाय त्यांच्यासाठी हाच आकडा कामाचा, बाकीचे दोन नाहीत.

हे आकडे "ड्रिंक" मध्ये बदलायचे असतील तर कुठल्या देशाचं ड्रिंक ते आधी ठरवा. ब्रिटिश युनिट ८ ग्रॅमचं, ऑस्ट्रेलियाचं स्टँडर्ड ड्रिंक १० ग्रॅमचं, अमेरिकेचं १४ ग्रॅमचं. वरची अरक ब्रिटिश हिशोबाने अडीच युनिटच्या पुढे आणि अमेरिकन हिशोबाने दीड ड्रिंक, दारू तीच.

इशारा: या आकड्यांवरून "आता गाडी चालवायला हरकत नाही" असं ठरवू नका. वजन, पोटातलं जेवण, औषधं, झोप, सगळ्याने फरक पडतो आणि सूत्रात यातलं काहीच नाही. प्यायलात तर चालवू नका.

## ५. दुधाळपणा, वास आणि गोडी यांचा हिशोब वेगळा ठेवा

पाणी घातल्यावर दारू पांढरी का होते ते एकदा समजलं की अर्धे गैरसमज जातात. अ‍ॅनेथॉल अल्कोहोलमध्ये छान विरघळतं, पाण्यात जवळपास नाही. पाणी वाढलं की त्याला विरघळून राहायला जागा उरत नाही, ते अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात बाहेर पडतं, थेंबांवर उजेड विखुरतो आणि ग्लास दुधासारखा दिसतो. म्हणजे पांढरेपणा सांगतो तो अ‍ॅनेथॉल किती आहे हे, अल्कोहोल किती हे नाही. उलट सारखंच अ‍ॅनेथॉल असलेल्या दोन बाटल्यांत जिच्यात अल्कोहोल कमी ती थोड्याच पाण्यात पांढरी होते, कडक असलेलीला जास्त पाणी लागतं. "पटकन दुधाळ झाली म्हणजे कडक" हे त्यामुळे बरोबर उलटं पडू शकतं.

वासाचंही तेच. पास्तीसमध्ये लिटरला दीड ते दोन ग्रॅम अ‍ॅनेथॉल असतं, म्हणून पाचपट पाण्यातही वास टिकतो आणि पिणाऱ्याला वाटतं केवढी स्ट्राँग आहे, प्रत्यक्षात ग्लासात साडेसात टक्के.

गोडी सगळ्यात जास्त फसवते. साखर अल्कोहोलची जळजळ दाबते, आणि अ‍ॅनेथॉल स्वतःच गोड लागतं, साखर अजिबात नसली तरी. त्यात ते जीभ थोडी बधिर करतं. त्यामुळे गोड सांबुका ३८ ची असून मऊ लागते आणि कोरडी, न मुरलेली, कमी टक्क्याची दारू घसा खरवडते.

अ‍ॅबसिंथबद्दल थुजोनचा (तिच्यातल्या वर्मवुड या वनस्पतीतल्या द्रव्याचा) आकडा कोणी सांगितला तर तो या वहीत लिहूच नका. युरोपात त्याची मर्यादा किलोमागे ३५ मिलिग्रॅम आहे, आणि अ‍ॅबसिंथ चढते ती तिच्यातल्या अल्कोहोलने.

## ६. लेबलवर भरवसा नसेल तर?

लोक लगेच अल्कोहोलमीटर विकत घेतात, तो काचेचा तरंगणारा. तो घनता मोजतो आणि फक्त अल्कोहोल-पाण्याच्या मिश्रणासाठी बनवलेला असतो. साखर आली की घनता वाढते आणि आकडा खोटा खाली येतो. लिटरला नुसती २० ग्रॅम साखर असली तरी चाळीसच्या दारूचा आकडा पाचेक टक्क्यांनी कमी दिसतो, आणि सांबुका तर पाण्यापेक्षाही जड असते, तिच्यात मीटर शून्याच्याही वर तरंगतो. म्हणून कुणी "मीटर लावून बघितलं, सांबुकात अल्कोहोलच नाही" असं सांगितलं तर मीटर बिघडलेला नाही, चुकीच्या ठिकाणी वापरलाय.

कोरड्या राकी-अरकवर तो बऱ्यापैकी चालतो, पण मीटरवर छापलेल्या तापमानालाच, बहुतेक २० अंश. ३० अंशाला मोजलीत तर ४० ची दारू ४३-४४ दाखवेल. पाणी घालून दुधाळ झालेल्या दारूत मीटर घालू नका. गोड दारूचं खरं मोजमाप प्रयोगशाळेत आधी नमुना ऊर्ध्वपातन करून, साखर मागे ठेवून करतात, ते घरी करायचं काम नाही, आगीचा धोका आहे आणि अनेक देशांत बेकायदेशीरही आहे.

इशारा, आणि हा मनावर घ्या: पेटवून बघणं ही परीक्षा नाही. ज्वाला खोलीच्या आणि दारूच्या तापमानावर अवलंबून असते, टक्का कळत नाही, आणि ६०-७० टक्क्यांच्या दारूची बाटली जवळ उघडी असेल तर भडका उडतो. भेसळीतलं विषारी मिथेनॉलसुद्धा ज्वालेच्या रंगावरून, वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. दुधाळ होते म्हणजे अस्सल, हेही चूक, भेसळीच्या दारूत अ‍ॅनिसचं तेल घातलं की तीही दुधाळ होते. तुर्कस्तानात २००५ मध्ये बनावट राकीने माणसं मेली आहेत. सील तुटलेली, लेबल नसलेली, "घरची आहे" म्हणून दिलेली बाटली तुलनेत घेऊच नका.

## ७. आता चव घ्या, पण सगळ्या एका पातळीवर आणून

कुणाची चव जास्त जोरदार हे ठरवायचं असेल तर आधी सगळ्यांचा टक्का सारखा करा, नाहीतर तुम्ही पाण्याच्या प्रमाणाची तुलना करताय. २० टक्के ही सोयीची पातळी आहे. घालायचं पाणी असं काढा: बाटलीचा टक्का भागिले २०, त्यातून १ वजा, गुणिले दारूचे मिली.

प्रत्येकी १० मिलीसाठी ३८ च्या दारूला ९ मिली पाणी, ४० ला १०, ४५ ला १२.५, ५३ ला १६.५, ६८ ला २४. मिसळल्यावर एकूण द्रव किंचित आकसतो पण एवढ्या मापात ते सोडून द्या.

दुसऱ्या कोणाला तरी ग्लास भरायला सांगा आणि अ, ब, क लावायला सांगा, कुठल्या अक्षराला कुठली बाटली ते त्यांनीच लिहून ठेवायचं. शक्य असेल तर बाहेरून न दिसणारे कप घ्या, कारण पांढरा रंग दिसला की डोकं आधीच ठरवून टाकतं. एका वेळी चारपेक्षा जास्त नमुने नकोत, अ‍ॅनेथॉलने जीभ बधिर झाली की पाचवा नमुना कसाही असो मऊच लागतो. मध्ये साधं पाणी, थोडा पाव, काही मिनिटं थांबणं. सुरुवात कोरड्यापासून, गोड शेवटी, एकदा ३५० ग्रॅमवाली साखर जिभेवर बसली की तिच्यानंतर राकी विनाकारण कडवट वाटते.

वास आधी लिहा, मग गोडी, मग घशातली जळजळ, तिन्ही वेगळ्या रकान्यात. "एकूण स्ट्राँग" असा रकाना ठेवू नका. दुसऱ्या फेरीत तेच नमुने अक्षरं बदलून घ्या, आणि दोन फेऱ्यांत तुमची उत्तरं जुळली नाहीत तर त्या दोन दारूंत तुम्हाला फरक कळत नाहीये असं लिहा, ते चालतं.

घोट थुंकायला एक भांडं ठेवा. ४०, ४५, ५३ आणि ६८ च्या चार दारू १०-१० मिली जरी घेतल्या आणि सगळ्या गिळल्या तरी १६ ग्रॅमच्या वर अल्कोहोल होतं, म्हणजे दोन ब्रिटिश युनिट, आणि दुसरी फेरी केली की त्याच्या दुप्पट. हा आकडाही त्याच कागदावर खाली लिहा आणि त्या रात्रीच्या बाकीच्या पिण्यात धरा.